परदेशातून येणाऱ्या कामाच्या भरवशावर घर उभं करावं का?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू आहे, नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीची सव्वातीन लाखांची ऑफर आली आहे आणि काम अमेरिकेतल्या ग्राहकाचं आहे. यूट्यूबवर एका व्हिडिओखाली तिकडच्या लोकांनी "भारतीयांनी आमच्या नोकऱ्या पळवल्या" असं लिहिलेलं त्याने वाचलं आणि ते मनाला लागलं. आउटसोर्सिंगवर, म्हणजे काम दुसऱ्या देशातून करून घेण्यावर, अमेरिका कर लावणार हेही ऐकलं. वडील म्हणतात, "अमेरिकेनं उद्या काम बंद केलं तं काय करशीन? त्यापेक्षा भरतीची तयारी कर." म्हणून तो विचारतो: आपण खरंच कुणाचं हिसकावतोय का, हे काम टिकेल का, आणि ऑफर घ्यावी का?

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला त्यात एकच काळजी दिसते. ज्या कामाचा पैसा, गिऱ्हाईक आणि कायदा तिन्ही परक्या देशात आहेत, त्याच्या जोरावर आपण इथे कर्ज काढावं का, बहिणीचं लग्न ठरवावं का, वावराकडे पाठ फिरवावी का? मी विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची देखभाल करते. आधी पुण्यातून केली, मग अमेरिकेत ग्राहकाच्या ऑफिसात बसून, आणि आता बरीच वर्षं कारंजातून करते. त्या अनुभवावरून सांगते. अर्थात तुमच्या घरावर कर्ज किती, शेतीला पाणी आहे की कोरडवाहू, मागे भावंडं किती, यावर शेवटचा निर्णय बदलू शकतो. ते हिशेब तुम्हालाच लावायचे आहेत.

आधी हे काम इकडे आलं कसं ते बघा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये बंगळुरात केंद्र काढलं, तेव्हा उपग्रहावरून डेटा पाठवणं हीच मोठी गोष्ट होती. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली आणि छोट्या कंपन्यांनाही परदेशाशी जोडणारी लाइन मिळू लागली. मग २००० साल आलं. कोबॉल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले, '००' म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळेना. लाखो ओळी तपासायला माणसं हवी होती आणि ती इथे होती. त्या निमित्ताने भारतीय कंपन्यांचा अमेरिकेतल्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या माजघरापर्यंत शिरकाव झाला. तिथे आत गेलेला माणूस नंतर देखभालीसाठी आतच राहिला. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या २०२५ च्या हिशेबाने या उद्योगात सुमारे ५८ लाख लोक काम करत होते.

इंग्रजी, गणित, तिकडची रात्र म्हणजे इकडचा दिवस, ही कारणं खरी आहेत, पण मूळ कारण पगारातला फरक हेच. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२४ च्या आकडेवारीत सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मधला पगार वर्षाला १ लाख ३३ हजार डॉलर आहे. म्हणजे तासाला ६४ डॉलर, आणि आरोग्य विमा, निवृत्तीचा खर्च वेगळा. समजा भारतीय कंपनी त्याच कामाचे तासाला २५ डॉलर लावते. महिन्याचे १६० तास धरले तर ४,००० डॉलर, ८५ च्या दराने ३ लाख ४० हजार रुपये. तुमच्या हातात पंचवीस हजारांच्या आतबाहेर येतील. मधले सगळे कंपनीचा नफा नसतात. ग्राहक मिळवणाऱ्यांचे पगार, अमेरिकेत बसलेला माणूस, मॅनेजर, इमारत, प्रोजेक्ट नसताना बेंचवर बसलेल्या मुलांचा खर्च, सगळं त्यातूनच निघतं. शिवाय सुरुवातीचे काही महिने नव्या मुलाचं बिल लागतच नाही. तरीही एक गोष्ट मी ठामपणे सांगते. नव्या इंजिनिअरचं पॅकेज तीन-साडेतीन लाखांवर दहा वर्षांहून जास्त काळ अडकून पडलं आहे. खोलीभाडं, मेसचा डबा, कॉलेजची फी, सगळं वाढलं, ते मात्र हललं नाही. 'भारत स्वस्त आहे' या वाक्याचा फायदा सगळ्यात कमी कुणाला मिळाला असेल तर तो दारव्ह्याहून आलेल्या मुलालाच.

आता नोकरी पळवण्याचा मुद्दा. तो उडवून लावू नका. मी तो समोरासमोर पाहिला आहे.

जुन्या माणसाकडून काम समजून घ्यायच्या काळाला आमच्याकडे केटी म्हणतात. अमेरिकेतल्या एका ग्राहकाकडे साठीकडे झुकलेला एक प्रोग्रामर आम्हाला काम समजावून देत होता. केटी पूर्ण झाली की त्याची नोकरी संपणार होती, आणि ती नीट दिली तरच नोकरी जाताना मिळणारी रक्कम त्याच्या हातात पडणार होती. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. एक दिवस तो रात्री चालणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या ओळी दाखवत होता. हप्ता न भरलेल्यांच्या पॉलिसी रद्द करून पत्रं पाठवायचा तो प्रोग्रॅम. मध्येच एक अट होती, एका विशिष्ट राज्याचा कोड आला की पुढे जा. आमच्यातल्या एकाने वहीत लिहिलं, 'या राज्याच्या पॉलिसी वगळतो.' तो थांबला, म्हणाला, का वगळतो ते लिहा. त्या राज्यात मोठा पूर आला होता, विमा नियामकाने काही काळ पॉलिसी रद्द करायला बंदी घातली होती, बंदी उठली तरी काही म्हाताऱ्या पॉलिसीधारकांचे दावे लटकलेले होते. ही ओळ काढलीत तर त्या माणसांना रद्द झाल्याची पत्रं जातील. हे कुठल्याही कागदावर नव्हतं, ते त्याच्याच डोक्यात होतं. तो हे न सांगता गेला असता तरी त्याला कुणी पकडलं नसतं. त्याने सांगितलं, आमच्याकडून लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाचून पाहिलं.

त्या माणसाला त्याच्या देशातल्या अर्थतज्ज्ञांनी काय सांगितलं होतं? २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख ग्रेगरी मॅनकिव म्हणाले की आउटसोर्सिंग हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचाच नवा प्रकार आहे आणि दीर्घकाळात देशाच्या फायद्याचा आहे. निवडणुकीचं वर्ष होतं, त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी त्यांना धारेवर धरलं. पण त्याच वर्षी पॉल सॅम्युएलसन या नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञाने वेगळा मुद्दा मांडला. ज्या कामात श्रीमंत देश सरस होता, त्याच कामात दुसरा देश हुशार झाला तर श्रीमंत देशाचं एकूण नुकसानही होऊ शकतं, फायदा गृहीत धरता येत नाही. मला या वादात एक बाजू महत्त्वाची वाटते. देशाचा एकूण फायदा झाला असं मानलं, तरी ज्याची नोकरी गेली त्याच्या घरी तो पोचला का? अमेरिकेत व्यापारामुळे काम गमावलेल्यांना मदत करणारी योजना १९६२ पासून होती. पण सॉफ्टवेअर ही वस्तू नाही, असं म्हणत २००० नंतर कितीतरी प्रोग्रामरचे अर्ज फेटाळले गेले. ते लोक न्यायालयात गेल्यावर धोरण बदललं. २०२२ च्या जुलैपासून त्या योजनेत नवे अर्ज घेणंच थांबलं. मग तो माणूस चिडला तर नवल काय?

आणि आपण कास्तकारांची पोरं, आपल्याला तर हे लगेच कळायला हवं. २०२५ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कापड गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती, आणि कारण बिनबुडाचं नव्हतं, अमेरिकेने आपल्या मालावर जबर शुल्क लावल्याने त्यांच्या ऑर्डरी धोक्यात होत्या. पण लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये असताना आपला कापूस बाजारात यायच्या तोंडावर परदेशी गाठी बिनशुल्क आल्या. यवतमाळ, वाशिम, अमरावतीत लोक काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंच असेल. तुमच्या वडिलांनीही म्हटलं असेल की बाहेरचा स्वस्त माल आणून आमचा भाव पाडू नका. अमेरिकन प्रोग्रामर अगदी तेच म्हणतो आहे. गिरणीमालकाचं म्हणणं खोटं नाही, कास्तकाराचंही नाही. तुमच्याच घरात वडील आयात शुल्क मागत असतील आणि मुलगा खुल्या व्यापारावर जगणार असेल, तर समोरच्याला 'जळतात आपल्यावर' म्हणून मोकळं होता येत नाही.

माझं मत असं की काम एका देशातून दुसऱ्या देशात जाणं हा व्यापार आहे आणि तुम्ही ते काम घेतलंत तर त्यात चोरी नाही. त्या टेबलावरून माणसाला उठवायचं हे तुम्ही ठरवलेलं नसतं, ते तिथल्या मालकाने ठरवलेलं असतं. पण त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीवर, व्हिसावर कमी पगाराचा माणूस आणून बसवायचा आणि जाणाऱ्याकडून त्याला शिकवून घ्यायचं, हे मला पटत नाही. २०१५ मध्ये फ्लोरिडात डिस्नेच्या तंत्रज्ञांच्या बाबतीत हे घडल्याच्या बातम्या आल्या आणि एच-वन-बी व्हिसाबद्दलचा तिथला राग पेटला, तो त्यामुळेच. हा व्हिसा तिथे मिळत नाही अशा कौशल्यासाठी आहे असं सांगितलं जातं. मिळणाऱ्याच कौशल्याला स्वस्त पर्याय म्हणून तो वापरला, तर विरोध करणारा बरोबर आहे.

आता टिकेल का. तुम्ही ऐकलेला कर म्हणजे ओहायोचे सिनेटर बर्नी मोरेनो यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलेलं विधेयक, परदेशातून करून घेतलेल्या कामाच्या पैशांवर २५ टक्के कर लावणारं. विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला असं नाही. अशी विधेयकं मी नोकरीला लागल्यापासून बघते आहे. त्याच महिन्यात नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलर शुल्क लावण्याचा अध्यक्षांचा आदेश निघाला, तो मात्र विधेयक नाही, आदेश आहे. त्याचा परिणाम अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्यावर जास्त. नागपुरात बसून काम करणाऱ्यासाठी त्यात एक उलटी शक्यताही आहे, माणूस नेणं महाग झालं की काम इकडे पाठवणं मालकाला सोपं वाटतं.

ज्याबद्दल कुणी ओरडत नाही ती तरतूद जास्त खोल आहे. २०१७ च्या अमेरिकन करकायद्याने २०२२ पासून सॉफ्टवेअर बनवण्याचा खर्च करासाठी नफ्यातून एका वर्षात वजा करणं बंद केलं. देशातला खर्च ५ वर्षांत विभागायचा आणि परदेशातला १५ वर्षांत. २०२५ च्या जुलैत देशातल्या खर्चाला पुन्हा त्याच वर्षी पूर्ण वजावट मिळाली, परदेशातल्या खर्चाला १५ वर्षंच राहिली. मालकाच्या हिशेबनिसाने हे मांडलं की इकडच्या कामाची स्वस्ताई थोडी कमी होते. काम थांबलं नाही, पण नव्या उत्पादनाचं काम कुठे करायचं हे ठरताना हा आकडा आता टेबलावर असतो.

तरी मला भीती करापेक्षा वेगळ्याच गोष्टीची वाटते. ॲलन ब्लाइंडर या अर्थतज्ज्ञाने २००६ मध्ये एक फार नेमकी रेघ ओढली होती. परदेशात जाणारं काम आणि न जाणारं काम यातला फरक शिक्षणाचा नाही, तारेवरून पाठवता येतं की नाही याचा आहे. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरचं काम जाऊ शकतं, टॅक्सीवाल्याचं नाही. माझ्या कामात मी त्याच्या पुढची एक रेघ पाहते. जे काम पायरी-पायरीने पूर्ण लिहून देता येतं ते जिथे स्वस्त पडेल तिथे जातं. आधी ते अमेरिकेतून पुण्याला आलं, मग पुण्यातलं काही फिलिपिन्स, व्हिएतनामकडे वळलं. आता त्यातलं बरंच कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं करतात. ठरावीक चाचण्या लिहिणं, तक्रारीचं तिकीट वाचून ठरलेला उपाय करणं, जुन्या भाषेतला कोड नव्या भाषेत नेणं, हे सगळं. नवी मुलं पहिली दोन वर्षं हेच करत शिकायची. ती शिडीच आता आखूड झाली आहे. २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक जास्त असतील असं सांगितलं गेलं. म्हणजे अनुभव नुसता वर्षांनी मोजून चालणार नाही.

जे लिहून देता येत नाही ते टिकतं. पुरात सापडलेल्या पॉलिसीधारकांसाठी ती अट का टाकली, हे माहीत असणं टिकतं. माझ्या टीममध्ये मी नव्या मुलांना पहिल्या महिन्यापासून एक सवय लावते. तिकीट बंद करण्याआधी दोन ओळी लिहायच्या, हा नियम व्यवसायात कुणाला लागतो आणि चुकला तर कुणाचं नुकसान होतं. ज्यांना हे जमतं त्यांना ग्राहक नावाने ओळखतो आणि करार दुसऱ्या कंपनीकडे गेला तरी त्यांना सोबत मागून घेतो. ज्यांचं काम फक्त बंद केलेल्या तिकिटांच्या संख्येवर मोजलं जातं, ती मुलं कितीही हुशार असली तरी दुसरीकडे दर स्वस्त मिळाला की कपातीच्या यादीत वर येतात. म्हणून जावा की पायथन यावर जितका वेळ घालवाल, तितकाच बँकिंग, विमा, औषधं, मालवाहतूक, यातलं एक क्षेत्र आतून समजून घेण्यात घालवा. इंग्रजीबद्दलही सांगते, ॲक्सेंट नको, पण फोनवर "मला हे कळलं नाही, पुन्हा सांगा" असं न घाबरता म्हणता आलं पाहिजे. आपल्या भागातली मुलं इथेच गप्प बसतात आणि नको ती गोष्ट बनवून देतात.

गावातून काम करता येईल का, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण वडिलांच्या बोलण्यामागे ते असावं. मी कारंजातून करते म्हणून लगेच तसं करता येईल असं समजू नका. अनेक ग्राहकांच्या करारात काम कोणत्या जागेतून होईल हे लिहिलेलं असतं, बँकेचा डेटा घरच्या नेटवर चालत नाही. वादळात डीपी गेला की दोन दिवस लाइन नाही, म्हणून माझ्याकडे इन्व्हर्टर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट आणि अमरावतीला जाऊन बसायची सोय, तिन्ही आहे. ही मोकळीक ग्राहकाने मला ओळखल्यावर मिळाली, पहिल्या नोकरीत ती मिळत नाही. तमिळनाडूत तेनकासीजवळच्या मथलंपाराई गावात झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी २०११ पासून काम करते हे उदाहरण लोक देतात. चांगलंच आहे, पण झोहो स्वतःचं उत्पादन विकते, त्यामुळे माणसं कुठे बसवायची हे तिचं तीच ठरवते. सेवा विकणाऱ्या कंपनीला ते स्वातंत्र्य कमी असतं. पहिली दोन-तीन वर्षं नागपुरात, ऑफिसात, अनुभवी माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर काढा. दारव्ह्याहून नागपूर काही परदेश नाही, सणावाराला आणि वेचणीच्या दिवसांत घरी येता येतं.

तर ऑफर घ्या, असं मी म्हणेन. वडिलांची भरतीची सूचनाही वाईट नाही, पण ती परीक्षा नोकरी करत देता येते, आणि हातात पगार असताना दिलेली परीक्षा मोकळ्या मनाने देता येते. फक्त या पगारावर लगेच फ्लॅटचं कर्ज काढू नका. पहिल्या वर्षी शिक्षणाचं कर्ज असेल तर ते उतरवा आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत दुसरा हप्ता डोक्यावर घेऊ नका. वावर विकून नागपुरात प्लॉट घ्यायचा सल्ला कुणी दिला, तर हे काम तुमच्या हातून किती वर्षं झालं आहे ते आधी विचारा स्वतःला. 'पैसे भरा, अनुभवाचं खोटं पत्र देतो, मोठं पॅकेज लावून देतो' म्हणणारे नागपूर-पुण्यात भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पडताळणीत ते पकडलं जातं आणि पुढची दारं बंद होतात.

सही करण्याआधी ऑफर लेटरमध्ये पाच गोष्टी शांतपणे बघा. बॉन्ड आहे का, असेल तर किती वर्षांचा आणि मध्येच सोडलं तर किती रक्कम. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणार असतील तर देऊ नका, झेरॉक्स द्या. नोटीस ९० दिवसांची आहे की कमी. रात्रपाळी असेल तर गाडी मिळते का. आणि सव्वातीन लाखांतला किती भाग दर महिन्याला नक्की मिळणारा आहे आणि किती कामगिरीवर. एचआरला हे विचारलं म्हणून ऑफर जात नाही. बॉन्डचा मजकूर समजला नाही तर कंपनीचं आणि तुमचं नाव झाकून तेवढा परिच्छेद मला पाठवा, मी वाचून सांगते.